ॲटमला ‘अणू’ म्हणावं की ‘परमाणू’?

मोजपट्टी: मराठीत अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. त्यामुळे ऑक्सिजनचा ‘अणुभार’ मराठीत एका ॲटमचा, १६; हिंदीत दोन ॲटमांच्या मॉलिक्यूलचा, ३२. दोन्ही भाषांतली पुस्तकं वापरणारा विद्यार्थी ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायूला १६ ने भागतो, १ ऐवजी २ मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) काढतो आणि पुढचं सगळं गणित दुपटीने चुकतं. मराठीनेही ‘परमाणू’ घ्यावा. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी अविभाज्य कणाला तेच नाव दिलं होतं.

व्युत्पत्ती_बघा: वैशेषिकांचा आधार घ्यायचा तर पुरता घ्या. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक. शब्द फोडा: द्वि + अणू. इथे अणू म्हणजे परमाणूच की! तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू म्हणतात. झरोक्यातल्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण. लहान तो अणू, अणू जुळून होतो तो रेणू. मराठीने हाच क्रम राखलाय.

मोजपट्टी: सोयीचं तेवढं उचललंत. त्र्यणुकात परमाणू तीन नाहीत, सहा आहेत. म्हणजे तिथला ‘अणू’ म्हणजे द्व्यणुक, जोडकण! हिंदीचा अर्थ नेमका तोच. आणि त्रसरेणू डोळ्यांना दिसतो, पाण्याचा रेणू दिसतो का?

व्युत्पत्ती_बघा: सहाचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण ‘रेणू’ म्हणजे मुळात धूळ; तो अणूपेक्षा लहान कधीच नव्हता.

चंचुपात्र: व्युत्पत्तीवरून निकाल लागायचा नाही. ग्रीक ‘ॲटोमोस’ म्हणजे न कापता येणारा. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, तरी शब्द टिकलाच. अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन तर संयुगाच्या कणालाही ‘संयुक्त ॲटम’ म्हणे, आणि पाण्यात एकच हायड्रोजन धरल्यामुळे आणि मोजमापही ढोबळ असल्यामुळे १८०८ च्या त्याच्या तक्त्यात ऑक्सिजनचा भार ७ आला! शब्द आणि आकडे दोन्ही घसरलेले. १८६० च्या रसायनशास्त्रज्ञांच्या कार्ल्सरूह परिषदेत इटलीच्या कानिझारोने अणू आणि रेणू वेगळे धरण्याची बाजू मांडली, त्यानंतर कुठे हे निस्तरू लागलं.

आता ‘परमाणू’ आणलात तर अणुअंक, अणुकेंद्रक, अणुभट्टी सगळंच बदलावं लागेल, आणि जुन्या पुस्तकांतला ‘अणू’ दोन अर्थांनी वाचावा लागेल. त्यापेक्षा भाराशेजारी सूत्र लिहा: O = १६, O₂ = ३२. वायूचे मोल काढताना भाजक O₂ चा. मिठाला तर रेणूच नसतो, स्फटिकात आयनांची जाळी असते, तिथे ५८.५ हा सूत्रभार.

मोजपट्टी: सूत्र लिहिलं की चूक टळेल, कबूल. पण मग तुमच्या ‘अणुभारा’ला शेजारी टेकू लागतोच ना? ‘परमाणुभार १६’ दोन्ही भाषांत टेकूशिवाय उभा राहतो.