चौथीतल्या मुलीला कचऱ्याची जबाबदारी कशी शिकवावी? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. मुलगी चौथीत आहे, धाकटा सव्वा वर्षाचा. परिसर अभ्यासात मुलीला चांगले मार्क मिळतात, ओला कचरा-सुका कचरा तोंडपाठ आहे. पण केळं खाल्लं की साल जो डबा जवळ असेल त्यात. ओरडलं की तेवढ्यापुरतं.

मध्यंतरी शाळेतून 'प्लास्टिक हटवा' असा प्रकल्प आला. सामानाच्या यादीत थर्माकोलची शीट आणि वरून घालायला प्लास्टिकचं कव्हर! राज्यात २०१८ साली जी प्लास्टिकबंदी आली, तिच्यात सजावटीचं थर्माकोलही होतं. हे तिला सांगितलं तर रडवेली होऊन म्हणाली, "मग बाईंनी का आणायला सांगितलं?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी खोक्याच्या पुठ्ठ्यावर केला प्रकल्प. वर्गात तिचा एकटीचाच वेगळा दिसला म्हणून दिवसभर खट्टू होती. बाईंवर माझा राग नाही. वर्गात एवढी मुलं, त्यात वरून येणारे उपक्रम आणि त्यांचे फोटो पाठवायची घाई, त्यांनी तरी कुठे कुठे बघावं?

मग दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट घडली. आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात (कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे ती). मुलगी बादली द्यायला खाली गेली, तेव्हा ताई जिन्यापाशी बसून कुणाच्या तरी ओल्या कचऱ्यातून डायपर हाताने बाजूला काढत होत्या. वर आली ती गप्पच. रात्री जेवताना म्हणाली, "आपल्या बाळाचा असेल का गं तो?"

असेलही. घाईत मीच कितीदा तसाच टाकला आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाळाचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळले की त्यावर लाल स्केचपेनने मोठा ठिपका काढायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. ताईंना न उघडता कळावं म्हणून तो ठिपका. आठवण करावी लागत नाही, उलट मी विसरले तर तीच ओरडते. ताईंचं नाव, त्या किती वाजता निघतात, सगळं तिला माहीत झालंय.

म्हणून वाटतं, वर्गातल्या मुलांनीही या ताईंशी एकदा बोलावं. पण शाळेत विचारायचं कसं? हारतुरे, सत्कार आणि दहा मिनिटांचं भाषण असं मला नकोय. ताईंनी कामाबद्दल सांगावं, मुलांनी विचारावं, आणि त्यांचा बुडालेला वेळ भरून द्यावा, एवढंच. कुणी आपल्या शाळेत असं केलं असेल तर बाईंशी पहिलं बोलणं कसं काढलंत ते सांगा. शिक्षक असाल तर अशी आई आलेली तुम्हाला खटकेल का, तेही मोकळेपणाने लिहा.

दुसरं, मुलीच्या हट्टाने गॅलरीत खताची बादली सुरू केली. भोकं पाडली, तळाला नारळाच्या शेंड्या, वर पाचोळा. तीन आठवड्यांत अळ्या झाल्या आणि वास सुटला. सासूबाई म्हणतात बंद करा. त्यांचंही खरं आहे, बाळ रांगतं तिथे. पाचोळा कमी पडला की भाजीतलं पाणी जास्त झालं? मुलीच्या हातून जमेल असा उपाय हवाय. बादली बंद केली तर ती फार हिरमुसेल, आणि रविवारपर्यंत काहीतरी करेन असं सासूबाईंना सांगून बसले आहे.