विषय: बाबांचं सीपॅप कपाटात पडून आहे

न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

गोव्याला परत गेलेले बरेच जण अजून या लिस्टवर आहेत म्हणून इथेच विचारतो. माझे बाबा फोंड्याला असतात, वय 68. आई कित्येक वर्षं सांगत होती की हे झोपेत श्वास थांबवतात, शेवटी या वर्षी घरच्या घरी स्लीप टेस्ट केली. मशीन विकणाऱ्या डीलरचा माणूस संध्याकाळी येऊन बोटाला आणि छातीला सेन्सर लावून गेला, रिपोर्टवर सिव्हिअर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबायचा आजार, तोही तीव्र, असं लिहून आलं, आठवड्याभरात मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन पण आलं, त्याने मास्क हातात दिला, बटन कुठलं ते दाखवलं आणि गेला. बाबांनी थोड्या रात्री लावलं, म्हणतात गुदमरतं, आणि आता ते कपाटात आहे. वर त्यांना वाटतं की शेजारचे म्हणतील ह्यांना ऑक्सिजनवर ठेवलंय. डॉक्टर म्हणतात वापरत राहा, सवय होईल. आई मात्र रात्रभर जागून त्यांचा श्वास ऐकत बसते, आणि मला इथे फोनवर ते ऐकून काही सुचत नाही.

इथून दुसरं चांगलं मशीन पाठवू का? एका मित्राच्या वडिलांचं वापरलेलं आहे, तो देतोय.

---

पर्वरीहून

अरे, मेल वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी पण सिव्हिअरवालाच, तिकडे असताना मशीन सुरू झालं, इकडे आल्यावरही रोज लावतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहीत आहे.

पहिली गोष्ट, मशीन पाठवू नकोस, आणि वापरलेलं तर मुळीच नको. 2021 च्या जूनमध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत मागवली, आवाज कमी करायला आत जो फोम असतो तो झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून, आणि तसली मशीन अजून घराघरात पडून असतील. ओझोनने मशीन साफ करायची उपकरणं मिळतात, त्याने तो फोम आणखी लवकर खराब होतो असंही तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं, तर तसलं काही घेऊन पाठवायचा विचार असेल तर तो पण सोडून दे. बाबांकडे आहे ते मशीन बहुतेक ठीकच असणार, ते त्यांच्यासाठी लावून दिलेलं नाहीय एवढंच.

आता ऑक्सिजनचं. बाबांना नीट सांग की त्या मशीनमध्ये वेगळा ऑक्सिजन नसतोच, खोलीतली साधी हवा असते, थोड्या दाबाने आत जाते आणि झोपेत सैल पडणारा घसा उघडा ठेवते, बस. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली हे पहिल्यांदा जगापुढे मांडलं. माणूस आजारी पडून मशीनवर गेला असं काही नसतं रे, उलट झोप नीट लागली की दिवसभर तो कामाचा राहतो.

मग पाठवायचं काय, तर बाबांचाच रिपोर्ट त्यांच्या हातात जाऊ दे. सिव्हिअर लिहिलेलं पहिलं पान नाही, पूर्ण रिपोर्ट, तो मागून घ्यायचा, आपला हक्क आहे. त्यात एएचआय म्हणून आकडा असतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास निदान 10 सेकंद थांबला किंवा उथळ झाला. 5 ते 15 माइल्ड, 15 ते 30 मॉडरेट, 30 च्या वर सिव्हिअर. पण तेवढ्यावर थांबू नका, रक्तातला ऑक्सिजन खाली कितीपर्यंत गेला आणि 90 टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला ते बघा, आणि पाठीवर झोपल्यावरचा आकडा वेगळा दिलाय का ते बघा, कारण पुष्कळ लोकांचा उताणं झोपल्यावर दुप्पट होतो आणि कुशीवर बराच कमी. घरच्या टेस्टमध्ये अजून एक असतं, मेंदूच्या वायर नसतात त्यामुळे जागं पडलेला वेळही हिशोबात धरला जातो, म्हणजे खरा आकडा आलाय त्यापेक्षा जास्त असू शकतो, कमी असायची शक्यता थोडी.

गुदमरतं म्हणतात ना, ते मला अगदी पटतं. ऑटो मशीन, म्हणजे दाब आपोआप कमीजास्त करणारं, बहुतेक वेळा 4 ते 20 (पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात) अशा दाबावर तसंच देऊन टाकतात, कंपनीतून येतं तसं. आता 4 म्हणजे मोठ्या माणसाला फार कमी, मास्कमध्ये हवा पुरत नाही असं वाटतं आणि माणूस घाबरून मास्क ओढून काढतो. वर रॅम्प, म्हणजे दाब कमीपासून हळूहळू वाढवायची सोय, चालू असेल तर झोप लागेपर्यंत तो 4 वरच रेंगाळतो. श्वास सोडताना दाब कमी करायची सोय असते तीही 4 च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे तिथे तिचा काही उपयोगच नाही. तर मशीनवर खालचा दाब किती ठेवलाय ते बघा, आणि डॉक्टरांकडे जाऊन बाबांनी स्वतः सांगायचं की मला 4 वर हवा पुरत नाही, खालचा दाब वाढवता येईल का. नुसतं गुदमरतं म्हटलं की सवय होईल असं उत्तर येतं, आकडा सांगितला की डॉक्टर मशीनकडे बघतात. हे मी दोन्ही देशांत बघितलंय. रॅम्प, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग), श्वास सोडतानाचा आराम, हे आपलं आपण बदलून बघावं, त्यात काही बिघडत नाही, पण मूळ दाब डॉक्टरांना सांगूनच.

नाकाचं पण बघा. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना बुरशी, गाद्या दमट, निम्म्या लोकांचं नाक बंद, आणि नाक बंद असेल तर तोंड उघडतं आणि हवा सगळी तिथून जाते. नाकाचा मास्क दिलाय का तोंडासकटचा ते विचार. नाक कायमच चोंदत असेल तर ईएनटीला दाखवा.

आणि दुपारची झोप!! याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. इकडे दुकानं दुपारी बंद, हुमण-भात जेवून सगळं गाव आडवं होतं, त्यामुळे बाबा दिवसा पेंगतात हे कुणाला आजार वाटतच नाही, मला पण घरचे वयाचंच म्हणत होते. तर दोन गोष्टी. एक म्हणजे दुपारी झोपले तरी मास्क लावून, कारण घसा दुपारी पण बंद होतोच. दुसरं, सकाळी नऊ-दहाला पेपर वाचताना, बसमध्ये, भजनाला बसल्यावर डोळा लागतो का ते विचार. स्कूटर किंवा गाडी चालवत असतील तर हे आधी विचार, बाकी सगळं नंतर.

सवयीसाठी सकाळी पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना मशीन चालू करून मास्क लावून बसू दे, जागेपणी भीती गेली की रात्री सोपं जातं.

मग सगळ्यात महत्त्वाचं, मशीन रोजचा हिशोब ठेवतं आणि तो रोज सकाळी बाबांनी स्वतः बघायचा. किती तास, एएचआय किती राहिला, आणि लीक किती, म्हणजे मास्कच्या कडेने किंवा तोंडातून किती हवा निसटते. एएचआय 5 च्या खाली आणायचा. लीक, रेझमेड कंपनीचं मशीन असेल तर मिनिटाला 24 लिटरच्या वर जायला नको, दुसऱ्या कंपन्या वेगळ्या तऱ्हेने मोजतात. त्याहून जास्त बघायचं असेल तर बहुतेक मशीनमध्ये एसडी कार्ड असतं, आणि ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर टाकलं की रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दिसतो. त्यात बंद घशाचे आणि मेंदूनेच श्वासाचा हुकूम न दिल्याचे, म्हणजे सेंट्रल, असे प्रकार वेगळे दिसतात. मशीन लावूनही उरलेले बहुतेक सेंट्रल असतील तर दाब वाढवून उपयोग नाही, कधीकधी वाढतातच, तेव्हा तो आलेख घेऊन डॉक्टरांकडे. बाबांचं हृदय कमकुवत असेल तर मशीनचा प्रकार बदलायच्या आधी कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय नाही.

तू न्यू जर्सीत बसून हे सगळं चालवू नकोस पण. तुला आलेख बघायचा असेल तर बघ, पण बाबांनी बघून तुला सांगायला हवं, तू बघून त्यांना नव्हे. डॉक्टर वर्षातून थोडी मिनिटं भेटतात, डीलर तेवढाही नाही, त्या मास्कसोबत रात्र काढतात ते एकटे बाबा. मेडिकेअरचा, म्हणजे तिकडच्या वयस्कांच्या सरकारी विम्याचा, नियम ऐकला असशील, महिन्यातल्या 70 टक्के रात्री निदान 4 तास, तो पैसे द्यायचे का नाही याचा आकडा आहे, तब्येतीचा नाही. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो आणि पुष्कळांचा श्वास तेव्हाच जास्त थांबतो, तर मास्क दोन वाजता काढून ठेवला म्हणजे नेमका वाईट भाग उघडा राहिला.

लाईट जाते त्याचं, इन्व्हर्टरवर चालतं, ह्युमिडिफायरचा हीटर बंद केला की वीज खूप कमी लागते, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत त्याची गरजही फारशी पडत नाही. पाणी विहिरीचं किंवा नळाचं घालू नका, फार्मसीत डिस्टिल्ड मागा. फिल्टर पावसाळ्यात लवकर काळा पडतो, बघत राहा.

बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) चेस्टच्या डॉक्टरांकडे एकदा दुसरं मत घ्यायला जा, मशीन आणि रिपोर्ट दोन्ही सोबत घेऊन.

---

मडगावहून

पर्वरीच्या भाईंनी सगळं लिहिलंच आहे, मी बायकांच्या बाजूने थोडं लिहिते कारण या लिस्टवरच्या किती जणींना हे असेल आणि माहीत नसेल.

मी घोरत नाही फारशी. मला रात्री तीनला जाग यायची, सकाळी डोकं दुखायचं, दिवसभर गळून गेल्यासारखं, आणि जिथे गेले तिथे थायरॉईड बघा, आयर्न बघा, पाळी जातेय ना मग असंच होतं, टेन्शन घेऊ नका. पाळी गेल्यावर बायकांना स्लीप ॲप्नियाचा धोका वाढतो हे मला कोणी सांगितलं नाही, मी स्वतः वाचलं. मग दिवसा किती पेंग येते ते मोजणारे एपवर्थचे 8 प्रश्न असतात, 24 पैकी मार्क, ते भरून डॉक्टरांसमोर ठेवले, 10 च्या वर गेले होते, आणि म्हटलं मला टेस्ट लिहून द्या. हात जोडून पण ठाम म्हटलं. टेस्टमध्ये निघालंच. पण उलटही होतं बरं का, कित्येक बायकांचे मार्क कमी येतात कारण त्यांना पेंग येत नाही, थकवा येतो, तर मार्क कमी आले म्हणून गप्प बसू नका.

दुसरं, चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं. आमच्या मूळ घरी चवथीला सगळं कुटुंब जमतं, हॉलमध्ये ओळीने गाद्या, आणि तिथे मशीन न्यायची लाज वाटते म्हणून लोक नेमकं तेवढे दिवस घरी ठेवून जातात. रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि भजनं, मग जड जेवण, कुणी थोडी घेतो पण, आणि दारूने तर घसा आणखी सैल पडतो, म्हणजे जेव्हा जास्त गरज तेव्हाच मशीन नाही. मी नेते. भिंतीजवळची गादी मागून घेते, एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत असतो. पहिल्या वर्षी पोरांनी गोळा होऊन बघितलं, मी त्यांना मास्क हातात देऊन हवा दाखवली, आणि मोठ्या जाऊबाई दुसऱ्या दिवशी हळूच मला बाजूला घेऊन आपल्या नवऱ्याबद्दल विचारायला लागल्या. त्यांच्याकडे आता मशीन आहे. बाबांना सांग, लपवण्यासारखं काहीच नाही यात.

अजून एक बारीक गोष्ट, बाबा रात्री डोक्याला आणि तोंडाला खोबरेल लावून झोपतात का? आमच्याकडचे सासरे लावायचे. तेलाने मास्क सरकतो आणि लीक होतो. चेहरा धुऊन मास्क लावायचा, आणि मास्कची गादी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवायची.

---

न्यू जर्सीहून

काका, ताई, तुमचे मेल मी प्रिंट करून घ्यायला सांगितले, बाबांनी पेन घेऊन खुणा केल्यात. तेल लावतातच!! खालचा दाब 4 च निघाला आणि रॅम्प 45 मिनिटांचा होता. पूर्ण रिपोर्ट डीलरकडून मागून घेतला, उताण्याचा आकडा कुशीच्या दुपटीहून जास्त आहे. डॉक्टरांकडे बाबा स्वतः गेले, आकडे वाचून दाखवले, त्यांनी खालचा दाब 7 केला आणि म्हणाले हे आधी सांगायला हवं होतं. रॅम्प बाबांनी घरी येऊन बंद केला. आता गुदमरत नाही म्हणतात पण पहाटे मास्क काढून टाकतात, आणि लीक पहिल्या दोन तासांनंतर खूप वाढतो. आई उठून पट्टे घट्ट करते. आणि कार्ड कॉम्प्युटरमध्ये घालायला बाबा घाबरतात, सगळं पुसलं जाईल म्हणून.

---

पर्वरीहून

वा, आकडे घेऊन गेले हे फार छान केलं त्यांनी.

कार्डाच्या बाजूला छोटं लॉक असतं, कॉम्प्युटरमध्ये घालायच्या आधी ते खाली करायचं, म्हणजे काही पुसलं जात नाही. मशीनमध्ये परत घालताना वर करायचं, नाहीतर मशीनला लिहिता येणार नाही.

लीक दोन तासांनी वाढतो म्हणजे एकतर दाब वाढल्यावर मास्क उचलला जातोय, नाहीतर तोंड उघडतंय. आईंना सांग पट्टे घट्ट करू नका, घट्ट केल्याने गादी दबून लीक उलट वाढतो आणि नाकावर जखम होते. बाबांनी रात्री जसे झोपतात तसं आडवं व्हायचं, कुशीवर, मशीन चालू करून हवा जोरात आली की मग पट्टे थोडे थोडे बसवायचे. बसून बसवलेला मास्क झोपल्यावर जागेवर राहत नाही कारण गाल सरकतात. हे करूनही राहिला तर सकाळी तोंड कोरडं असतं का विचार. कोरडं असेल तर तोंडासकटचा मास्क मागायचा, वेगवेगळी मापं असतात, ती चेहऱ्यावर लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. डीलर नको म्हणाला तर मला सांग, मी फोंड्याला येतो बाबांबरोबर.