मुद्देमाल, ऐवज की नुसत्या वस्तू?

केतकी: आकस्मिक मृत्यूचा तपास चालू असताना मयताचे कपडे, दागिने, फोन कुठे राहतात, हे नातेवाइकांना सांगणारं पत्रक मराठीत आणते आहे. 'सामान' म्हटलं की प्रवासाची बॅग डोळ्यांपुढे येते. एका वकिलांनी 'मुद्देमाल' सुचवला, पण त्याला चोरीचा वास येतो. काय लिहू?

रानवारा: 'ऐवज' लिहा.

शुद्धमती: दोन्ही परके. 'मृताच्या वस्तू' पुरे. 'मयत'सुद्धा अरबीच.

दौतटाक: पोलीस ठाण्यात लेखनिक होतो. सगळंच मुद्देमाल होत नाही. मृत्यूच्या कारणाशी संबंध असू शकेल ते जप्त होतं: अंगावरचे कपडे, औषधाची बाटली, चिठ्ठी, बरेचदा फोन. तो मुद्देमाल. बाकीचं पंचांसमक्ष यादी करून, पावती घेऊन वारसांकडे जातं. रक्ताचे कपडे वाळवून कागदात बांधायचे. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते, पुरावा जातो. घरच्यांना हे कुणी नीट सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

अबोली: वडिलांच्या अंगठीपुढे 'पिवळ्या धातूची' असं लिहिलेलं वाचून आईला फार लागलं होतं. सोन्याची म्हणायला काय हरकत होती?

दौतटाक: पारख झाल्याशिवाय सोनं लिहीत नाहीत, पुढे बदलल्याचा वाद नको म्हणून. वजन आणि कोरलेली अक्षरं मात्र आग्रहाने लिहून घ्यावीत.

रानवारा: 'ऐवज' अरबी 'इवज'वरून, म्हणजे मोबदला. 'ऐवजी' त्यातूनच आला.

शुद्धमती: मग तर मुळीच नको! माणसाचा मोबदला?

रानवारा: मूळ धरून शब्द कोण वाचतं? 'चीजवस्त'मधली 'चीज' फारसी, 'वस्त' संस्कृत. अर्धा शब्द टाकणार का? आणि पंच म्हणजे पाच म्हणाल, तर मरणोत्तर पंचनाम्याला कायदा दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी मागतो.

दौतटाक: बरोबर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194.

केतकी: म्हणजे मला दोन शब्द लागणार. आणि यादीतलं वारसांना 'परत मिळतं' म्हणू की 'ताब्यात मिळतं'?

दौतटाक: ताब्यात. सही करणारा मालक ठरत नाही, इतर वारसांचा हक्क राहतोच.

अबोली: आईला 'ताबा' म्हणू नका हो. 'परत'च लिहा.

शुद्धमती: 'ताबा'ही अरबी आहे.