डाऊनलोड केलेलं सॉफ्टवेअर अस्सल आहे का, हे साध्या युजरला कसं तपासायला सांगायचं?

रातपाळी:
मी आणि एक मित्र मिळून एक छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवतो, फोटोंची नावं एकगठ्ठा बदलायचं. डाऊनलोडच्या बटणाखाली आम्ही इमानदारीत एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) देतो आणि शेजारी जीपीजी सहीची, म्हणजे आमच्या डिजिटल सहीची, फाइल पण ठेवतो. परवा एकाची मेल आली की तुम्ही दिलेली सिरियल की चालत नाहीये. मला कळेचना, आमच्याकडे सिरियल की हा प्रकारच नाही. चार मेल झाल्यावर उलगडा झाला, त्यांनी ती ६४ अक्षरं कॉपी करून इन्स्टॉलर जिथे फोल्डरचं नाव विचारतो तिथे चिकटवली होती.

आधी हसलो, मग वाटलं चूक आपलीच आहे. हे तपासून काय मिळतं आणि कसं तपासायचं ते आम्ही कुठेच धड लिहिलेलं नाही. आता एक मदतीचं पान लिहायला घेतलंय. ज्याने आयुष्यात कमांडची काळी खिडकी उघडली नाही अशा माणसाला काय सांगू?

खटपट्या:
पान लिहायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा, तुमचा हॅश नेमकं काय सिद्ध करतो? फाइल आणि हॅश दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील तर सर्व्हर ज्याने फोडला तो फाइल बदलेल आणि हॅशही बदलेल, म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइटच फोडली होती आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाऊनलोड लिंक मागचं दार घातलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या फाइलकडे) वळवली होती. अशा वेळी शेजारी छापलेल्या आकड्यावर काय विश्वास ठेवणार?

पण म्हणून हॅश फुकट गेला असंही नाही हं. २०१७ च्या मे मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरचा एक मिरर (फाइलची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) फोडून मॅकवाल्या फाइलमध्ये प्रोटॉन नावाचा ट्रोजन (लपून शिरणारं मालवेअर) घातला होता. मूळ साइट शाबूत होती, त्यामुळे ज्यांनी तिथल्या चेकसमशी, म्हणजे हॅशशी, ताडून पाहिलं त्यांना फरक कळू शकत होता. थोडक्यात हॅश दुसऱ्या जागी ठेवा, फाइल एकीकडे आणि हॅश भलत्याच खात्यावर, वेगळ्या पासवर्डने.

शेवटचं_पान:
जीपीजी सही हेच खरं उत्तर आहे. सही करायची खाजगी किल्ली सर्व्हरवर नसतेच, त्यामुळे सर्व्हर फुटला तरी खोट्या फाइलवर सही करता येत नाही. सही तपासायची पब्लिक की इंपोर्ट करा, व्हेरिफाय कमांड द्या, झालं. पाच मिनिटांचं काम आहे, लोकांना शिकवायला आपणच कंटाळतो.

माझंच_खरं:
@शेवटचं_पान पाच मिनिटं तुमची हो. माझ्या मामांना मी फोनवर बसून हे करायला लावलंय म्हणून सांगतो. सगळं बरोबर झाल्यावर जीपीजी एका ओळीत म्हणतं "गुड सिग्नेचर" आणि लगेच खाली मोठ्या अक्षरात वॉर्निंग देतं की या किल्लीवर विश्वासू सही नाही, ती मालकाचीच आहे याचा काही पुरावा नाही. मामा म्हणाले, अरे व्हायरस आहे वाटतं, आणि फाइल डिलीट करून मोकळे. बरं ते अगदीच चुकले असंही नाही, कारण किल्ली आम्ही त्याच साइटवरून घेतली होती, म्हणजे पुन्हा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न! भीक नको पण कुत्रं आवर असं होतं माणसाला.

आणि हॅशचं सांगायचं तर लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतात, मीही तेच करायचो. आठ अक्षरं म्हणजे शक्यता झाल्या फक्त ४२९ कोटींच्या आसपास. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण फाइलच्या शेवटी थोडा कचरा बदलत बदलत तेवढी आठ जुळवून आणणं साध्या संगणकालाही अवघड नाही. त्यामुळे डोळ्यांनी ताडायला सांगूच नका. सांगा की साइटवरचा हॅश कॉपी करा आणि निकाल जिथे आलाय तिथे शोधा मध्ये पेस्ट करा, सापडला तर जुळला. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक केलं की मेन्यूतच एसएचए-२५६ काढायची सोय असते, काळी खिडकी लागतच नाही.

कोपऱ्यातला_टेबल:
तुम्ही सगळे शेवटच्या पायरीवर भांडताय, माणूस घसरतो पहिल्या पायरीवर. साधा युजर तुमच्या साइटवर पोचतच नाही, तो सर्चमध्ये नाव टाकतो आणि सगळ्यात वरची लिंक दाबतो, जी जाहिरात असते. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशीच जाहिरात गुगलवर चालली होती. पत्त्यातल्या 'के' या अक्षराच्या खाली बारीकशी शेपूट, स्क्रीनवर धूळ बसली असेल असं वाटावं इतकी, बाकी पत्ता हुबेहूब. आता अशा खोट्या साइटवर हॅशही असेल, मदतीचं पानही असेल, तुमच्यापेक्षा चांगल्या भाषेत लिहिलेलं! तिथे हॅश अगदी चोख जुळेल.

म्हणून माझ्या मते पानाची पहिली ओळ हॅशची नकोच. पहिली ओळ: आमचं सॉफ्टवेअर या पत्त्यावर आणि या स्टोअरमध्ये मिळतं, बाकी कुठे नाही. आणि मुळात विंगेट (विंडोजवर), होमब्रू (मॅकवर) वगैरे सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या साधनांमध्ये टाका ना. विंगेट इन्स्टॉलरचा हॅश स्वतःच ताडतं आणि जुळला नाही तर थांबतं. लिनक्सवाल्यांचं तसंच साधन एपीटी वर्षानुवर्षं सह्या तपासतंय, युजरला पत्ताही नसतो, आणि नसावाच. जे काम मशीन न चुकता करतं ते माणसाच्या गळ्यात कशाला मारायचं?

खटपट्या:
हे पटलं. फक्त विंडोजची सही विसरू नका, एक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब असतो, तिथे सही करणाऱ्याचं नाव दिसतं आणि ते नाव कुणालाही वाचता येतं. पण नाव वाचा हे ठासून सांगा, 'सही आहे' एवढं पुरत नाही. २०१६ मध्ये मॅकवरच्या ट्रान्समिशन या टोरेंट सॉफ्टवेअरच्या २.९० मध्ये कीरेंजर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) घुसवलं होतं, त्यावरही सही होती आणि ॲपलच्या लेखी वैधही होती, फक्त ती भलत्याच डेव्हलपरची होती.

शेवटचं_पान:
आणि सीक्लीनर, ते संगणक साफ करायचं सॉफ्टवेअर? २०१७, आवृत्ती ५.३३. साइट खरी, सही खरी, नावही बरोबर, तरी आत मालवेअर, कारण कंपनीच्या आतच शिरकाव झाला होता. कुंपणच शेत खातंय तिथे युजरने काय तपासायचं?

माझंच_खरं:
काहीच नाही, आणि ते पानावर कबूल करावं. तपासणीने एवढंच कळतं की ही फाइल बनवणाऱ्याकडूनच आली. त्याच्याच घरात चोर शिरला असेल तर ते शोधणं युजरचं काम नाही.

रातपाळी:
सगळ्यांचे आभार, डोक्यात बराच प्रकाश पडला. एक गोष्ट इथे वाचताना खटकली, आमच्याच जुन्या सूचनेत लिहिलंय की विंडोजची निळी चौकट आली तर 'मोअर इन्फो' दाबून 'रन एनीवे' करा. म्हणजे धोक्याची पाटी दिसली की बाजूला सारा, हे आम्हीच शिकवत होतो! ते आज काढलं. विंगेटमध्ये टाकतोय, हॅश वेगळ्या खात्यावर हलवतोय आणि त्याला 'फाइलचा ठसा (हा कुठेही टाकायचा नाही)' असं नाव दिलंय. शिवाय पुढच्या आवृत्तीत अपडेटरमध्येच आमची पब्लिक की घालणार, म्हणजे पहिल्यांदा खरी फाइल मिळाली की पुढची अपडेट्स सॉफ्टवेअर स्वतः तपासेल.

कोपऱ्यातला_टेबल:
उत्तम. पण मग खाजगी किल्ली जपा, ती हरवली तर जुन्या युजरना अपडेट पाठवताच येणार नाही. अँड्रॉइडवर स्वतः किल्ली सांभाळणाऱ्या कित्येकांचं असं झालंय, नव्या किल्लीचं ॲप जुन्यावर बसतच नाही, आधीचं काढूनच टाकावं लागतं. तुमची किल्ली आत्ता कुठे आहे?

रातपाळी:
मित्राच्या लॅपटॉपवर. आणि बॅकअप… थांबा, त्याला फोन करतो.