अनुभव धागा: 'रिपोर्ट' केलंत, पुढे काय झालं?

शिव्या कोणी दिल्या, का दिल्या, देणारा कुठल्या पक्षाचा होता, हे आपण एरवी रोज चघळतोच. इथे एवढंच लिहा: तुम्ही सोशल मीडिया कंपनीकडे तक्रार केलीत, त्यावर तिने काय केलं? स्वतःच्या अनुभवातल्या कंपनीचं नाव घेऊ नका, नाहीतर इथेही आखाडा व्हायचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. 'आम्ही नुसती भिंत दिली, लिहितात लोक' हा कंपन्यांचा बचाव मला पटत नाही. कोणाचं लिहिणं वर दाखवायचं, हे भिंत ठरवत नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगनबाईंनी २०२१ मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यांवरून कळलं की कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. पुढे ते शून्यावर आणलं. म्हणजे बटण त्यांच्याच हातात होतं की!

रातराणी

मी गणिताची शिक्षिका. अपूर्णांकांचे छोटे व्हिडिओ मराठीत टाकते. एकदा फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना पदर जरा सरकला. झालं! गणित राहिलं बाजूला, खाली जत्रा भरली. शिव्या मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत आणि मधेमधे टिंबं देऊन. रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक रिपोर्ट करत बसले. भांडी आवरून होईपर्यंत उत्तरं हजर: 'या कमेंटमुळे आमच्या नियमांचा भंग होत नाही.' सगळ्यांना तेच.

मग मी त्यातल्या एका शिवीचा स्क्रीनशॉट टाकून लिहिलं, 'हे वाचून माझे विद्यार्थी काय शिकतील?' ती पोस्ट मात्र लगेच उडाली आणि माझ्या खात्यावर निर्बंध आले. देणारा मोकळा, दाखवणारी आत. शेवटी कमेंटच बंद केल्या. आता 'मॅडम, छेद सारखे का करायचे?' असं विचारणारी पोरंही गप्प झालीत.

टाचणी

रातराणी, मी पलीकडे बसायचो. कंपनीत नाही, तिच्या ठेकेदाराकडे. मराठी-हिंदी तक्रारींचा क्यू, म्हणजे तपासायची रांग, माझ्याकडे होता. समोर एक तिकीट येतं: कमेंट, तिच्या वरची एखादी ओळ, बाजूला पॉलिसीची यादी. पूर्ण संवाद दिसतोच असं नाही. विचार करत बसलं की टार्गेट हुकतं. क्यूएने, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्याने, आपला निर्णय चुकीचा ठरवला की स्कोअर पडतो, म्हणून शंका आली की माणूस 'भंग नाही' दाबून पुढे सरकतो.

एका मुलीच्या निकालाच्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सरकारचे जावई, अभिनंदन!' आपल्याकडच्या कोणालाही कळेल की हा जातीवरून मारलेला टोमणा आहे. मी काढायला सांगितलं, क्यूएने परत पाठवलं. शेरा: 'कौटुंबिक नात्याचा उल्लेख, अभिनंदन'. हसावं की रडावं! पॉलिसीत जात होती, पण ती लागू करणाऱ्या साहेबाला जावई कुठला ते माहीत नव्हतं. जाहिराती मराठीत विकायला माणसं मिळतात, मग याला का मिळत नाहीत?

पांझरा

मी साक्री तालुक्यातला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. १ जुलै २०१८, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून फिरत होते, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आले होते. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती.

मारणारे हात जमावाचेच होते, त्यात वाद नाही. पण देशभर असे बळी गेले, सरकारने कान धरला, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने मेसेजवर 'फॉरवर्डेड'चा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. काही आठवड्यांत जमलं. हे जूनमध्ये का सुचलं नाही, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

तिरपागडा

जरा उलटं बोलतो. आमच्या नगरसेवकाच्या टँकरबद्दल मी चार ओळी पोस्ट केल्या, त्याच्या पोरांनी मिळून रिपोर्ट केलं, पोस्ट गायब. कंपनीला 'काढा, काढा' म्हणून धाक घातलात की ती आधी माझ्यासारख्याचंच काढणार, कारण तेच स्वस्त पडतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, आठवतंय ना? एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. त्याच निकालात, लोकांच्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपन्यांना सूट देणाऱ्या कलम ७९ बद्दल, कोर्टाने म्हटलं की मजकूर काढण्याची सक्ती कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच. मला ते बरोबर वाटतं.

टाचणी

काढायची सक्ती नको, मान्य. पण वर ढकलायची सक्ती कोणी केली होती? आणि काढलंच तर कारण तरी सांगा.

नेकारकाठी

कारण सांगायचं बंधन इथे जर्मनीत आहे, युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे. माझी मराठी मंडळाच्या गणपतीची पोस्ट एकदा चुकून उडाली, तर कोणत्या नियमाखाली आणि निर्णय यंत्राने घेतला का, हे लेखी आलं. दाद मागितली, पोस्ट परत आली. कायदा मोडला तर जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून ही नम्रता. 'परत जा'वाल्या कमेंट मात्र इथेही तशाच राहतात.

रातराणी

मग आपल्याकडे काहीच नाही का?

खलबत्ता

आहे, पण ते 'रिपोर्ट'च्या बटणामागे नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, पार तळाशी, बारीक अक्षरांत. त्याला लेखी कळवायचं. २४ तासांत पोच द्यावी लागते. दाद लागली नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. माझ्या बहिणीच्या नावाने कोणीतरी खोटं खातं काढलं होतं. बटण दाबून दाबून बोटं दुखली, अधिकाऱ्याला मेल केल्यावर खातं गेलं. स्क्रीनशॉटमध्ये लिंक, तारीख आणि खात्याचं नाव दिसलं पाहिजे, आणि टोमणा असेल तर त्यात अपमान कसा आहे ते दोन ओळींत इंग्रजीतून समजावून सांगा. जावयाचं तर नक्कीच.