माध्यमिक शाळेत कृतीतून विज्ञान व तंत्रज्ञान शिकवण्याची सुरुवात कशी करावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका)

आमच्या शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग असून बहुतेक मुले शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील आहेत. प्रयोग शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचा आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यायचा, अशीच रीत पडून गेली आहे. आता एका देणगीदाराने रोबोटिक्सचे तयार संच देऊ केले आहेत. ते घ्यावेत, की त्याच रकमेतून हत्यारे, मोजमापाची साधने आणि कच्चा माल द्यावा अशी विनंती करावी? पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या धर्तीवर, म्हणजे हाताने काम करत शिकवण्याचे, काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, विशेषतः वेळापत्रकाबाबत.

प्रतिसाद (निदेशक, तंत्रज्ञान विषय)

मॅडम, आधी हत्यारांसाठी आग्रह धरावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करताना मूल शिकते या विश्वासावर. तेथून शाळांमध्ये गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असतात. मुले आठवड्यातील एक दिवस या कामाला देतात आणि शिकलेल्या कौशल्यातून गावाला उपयोगी पडेल असे काम करून देतात. माझ्या मते या पद्धतीचा प्राण या शेवटच्या भागात आहे, कारण दुसऱ्याच्या घरी वापरले जाणारे काम मुले कधीच उरकून टाकत नाहीत.

सुरुवात पावसाच्या मोजमापाने करता येईल. सरळ बाजूंच्या प्लॅस्टिक बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा बसवला की पर्जन्यमापक तयार होतो. मात्र बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असल्याने त्यात आधी थोडे पाणी ओतून, त्या पातळीला शून्याची खूण करून, तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी लागते. ही खूण का हवी, हे मुलांनाच शोधू द्यावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते, म्हणून शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पावसात हजार लिटर पाणी पडते. हा हिशेब मांडल्यावर पन्हळ केवढी आणि टाकी किती लिटरची, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. तेथून मापन, उतार, जोडकाम आणि खर्चाचा अंदाज हे सारे ओघाने येते.

वेळापत्रकात पूर्ण दिवस मिळत नसेल तर निदान सलग तीन तासिका मागून घ्याव्यात. एका सुट्या तासिकेत हत्यारे काढून पुन्हा जागेवर ठेवण्यातच वेळ संपतो.

प्रतिसाद (शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य)

सरांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु संच सरसकट नाकारू नयेत असे मला वाटते. खुद्द पाबळला २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आराखडा करून वस्तू प्रत्यक्ष घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, म्हणजे खेडे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे वावडे मुळीच नाही. सूचनापत्रिकेप्रमाणे जोडून कपाटात ठेवायचे संच मात्र नकोत. सुटे संवेदक (सेन्सर), मोटारी, तारा आणि विजेची मोजमापे घेणारे मल्टीमीटर मागावेत. त्यांतून टाकी भरल्याचा इशारा देणारी घंटा मुले बनवू शकतील. शिवाय गावातील वेल्डर, गवंडी व वायरमन यांना मानधन देऊन बोलवावे.

प्रश्नकर्त्या

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मूल्यमापन कसे करावे आणि यंत्रांपाशी मुलांची सुरक्षितता कशी राखावी, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (निदेशक)

वस्तू किती देखणी झाली यावर गुण देऊ नयेत. आधी काढलेले रेखाचित्र, साहित्य व मजुरी धरून केलेला खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तिन्ही गोष्टी नोंदवहीत असाव्यात, आणि अंदाज कोठे चुकला ते मुलाने तोंडी समजावून सांगावे. सुरक्षिततेसाठी वीजजोडणीला अर्थिंग व गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच, वेल्डिंगला काळ्या काचेचा मुखवटा आणि एका वेळी लहान गट, हे अनिवार्य समजावे. वेल्डिंग मुलांनी आणि स्वयंपाक मुलींनी अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनच होऊ देऊ नये. चारही विभागांत सर्वांची पाळी आलीच पाहिजे.