'कोल्हापूरात पुर' आणि कोकिळेचा विमा

मूळ प्रश्नकर्ता

ऑगस्ट 2019. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली होती. मावशी कोल्हापुरात, त्यामुळे आमच्याकडे दिवसभर टीव्ही चालू. एका नावाजलेल्या वाहिनीच्या लाल पट्टीवर सकाळपासून एकच ओळ सरकत होती : 'कोल्हापूरात पुर'. मावशीच्या घरी वीज नव्हती, पण शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर तिनं ती पट्टी पाहिली. संध्याकाळी फोनवर आधी पाणी कुठवर आलंय ते सांगितलं आणि मग म्हणाली, "दोन शब्द, त्यात दोन चुका, आणि दोन्ही बरोब्बर उलट्या. कसं जमतं रे यांना?" मावशी निवृत्त शिक्षिका. पाणी दारात असलं तरी तिची लाल शाई वाळत नाही.

'कोल्हापुरात पूर' असं हवं होतं. जिथं ऱ्हस्व हवा तिथं दीर्घ आणि जिथं दीर्घ हवा तिथं ऱ्हस्व. अदलाबदल केली असती तर शंभर टक्के बरोबर! शिवाय 'पुर' म्हणजे संस्कृतात नगर. त्यामुळे त्या पट्टीचा शब्दशः अर्थ निघतो, 'कोल्हापुरात शहर'. खोटं नाही म्हणता येत.

तेव्हापासून अशा चुका वहीत टिपून ठेवतोय. त्यातली सगळ्यात लाडकी 'पिक विमा'. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, 'पिक' म्हणजे कोकिळ. शाळेत 'काकः कृष्णः पिकः कृष्णः' पाठ केलेल्या कुणालाही आठवेल. 2023 च्या खरिपात राज्यात 1 रुपयात पीक विमा मिळायला लागला, तेव्हा तर पट्ट्यापट्ट्यांवर 'एक रुपयात पिक विमा' झळकत होतं. कोकिळेच्या मानानं हप्ता वाजवी होता. दुसरी, 'सुतगिरणी'. सुत म्हणजे मुलगा, तेव्हा मुलगे कातून देणारी गिरणी! 'महाराष्ट्र दीन' दरवर्षी 1 मे रोजी येतो, त्याचं आता काही वाटत नाही.

माझा प्रश्न असा आहे की या चुका नेमक्या याच शब्दांत का होतात? 'पाणी' कधी 'पाणि' होत नाही. मग 'पीक'च का बिचारं?

एक जुना मुद्रितशोधक

तुम्ही दिलेले शब्द एका रांगेत मांडून बघा : पूर, पीक, सूत. त्यात आणखी भर घाला : ऊस, दूध, वीज, खून, फूट. सगळे अकारान्त, सगळ्यांचं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, आणि विभक्ती लागली की ते ऱ्हस्व होतं. पुराचा, पिकाचं, सुताची, उसाला, दुधाचे, विजेचा, खुनाचा, फुटांवर. बातमीत हे शब्द नुसते असे फार कमी येतात. 'पिकाचं नुकसान', 'उसाला दर', 'दुधाचे भाव', 'खुनाचा उलगडा'. डोळ्याला दिवसभर ऱ्हस्वाची सवय लागते. मग कधी एकटा शब्द लिहायची वेळ आली की हात 'चा' आणि 'ला' काढून टाकतो आणि उरेल ते ठेवतो. 'पिकाचं'मधून 'चं' गेलं, काना गेला, उरलं 'पिक'.

'पाणी'चं उलट आहे. शेवटचा इकार मराठीत दीर्घच, सामान्यरूपात तो 'पाण्या' होऊन इकारच नाहीसा होतो. गोंधळायला जागाच नाही.

तत्सम शब्द मात्र बदलत नाहीत, हे विसरू नका. गीत, गीताचा. शरीर, शरीराला. म्हणून 'जनजिवन विस्कळीत' ही वेगळ्या जातीची चूक आहे. तिला मी माफ करत नाही. 'पिक'ला करतो.

आणि 'पूर'बद्दल एक. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा, हे शासनमान्य 18 नियमांत वेगळं सांगितलेलं आहे. नागपूर, सोलापूर, तारापूर. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांत 1972 मध्ये चारांची भर पडून ते 18 झाले. संस्कृतातला तुमचा 'पुर' मराठी गावात आला की दीर्घ होतो, आणि 'त' लागला की परत ऱ्हस्व. एवढ्या उड्या मारायला लावल्यावर एखादा पडणारच.

डेस्कवरचा एक

पट्ट्या लिहिणाऱ्यांपैकी मी एक. शिव्या खायला हजर आहे.

मुद्रितशोधक काकांचं म्हणणं पटलं, पण त्यात फोनची भर घाला. रिपोर्टर बातमी व्हॉट्सॲपवर पाठवतो, बहुतेकदा इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवतो. एकच 'आय' मारला की 'पिक' येतं, दीर्घाला दोन मारावे लागतात. कोण मारतो, गुडघाभर पाण्यात उभं राहून? 'कोल्हापूर' मात्र सुचवणीत आयतं तयार येतं, दीर्घासकट. त्याला पुढं 'आत' चिकटवलं की झालं 'कोल्हापूरात'. म्हणजे त्या पट्टीतली एक चूक आळसाची आणि दुसरी आयत्या मालाची. आम्ही डेस्कवर ते उचलतो, पट्टीत डकवतो. वीस सेकंदांत दुसऱ्या वाहिनीच्या आधी गेली पाहिजे, एवढंच वरून विचारलं जातं.

इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या कळफलकावर, टाइप करणाऱ्यांची सबब असते की बोट घसरलं. ऱ्हस्व इकार 'एफ'वर, दीर्घ त्याच्या डोक्यावर 'आर'ला. उकार 'जी' आणि 'टी'. अगदी शेजारी, मान्य. पण बोट घसरतं तर दर वेळी ऱ्हस्वाकडेच कसं घसरतं?

मूळ प्रश्नकर्ता

व्वा. 'आयत्या मालाची चूक' वहीत लिहून घेतली.

पण ऱ्हस्व-दीर्घ निदान कानाला खटकत नाही, वाचणारा मनात बरोबर उच्चारतो. टिंबाचं तसं नाही. 'वाघाचा मृत्यू' आणि 'वाघांचा मृत्यू' यांत फरक एका टिंबाचा, आणि त्यात एकाचे अनेक वाघ दगावतात. दुसऱ्या दिशेनं टिंब गेलं तर आदर जातो. 'राज्यपालांचा दौरा' हे सभ्य मराठी. 'राज्यपालाचा दौरा' म्हटलं की राज्यपालांना थेट अरे-तुरे. मराठीत मान द्यायला शब्द लागतोच असं नाही, डोक्यावरचं टिंब पुरतं, आणि पट्टीवर तेच पहिलं गळतं. चोरट्यांना मात्र कायम मान असतो : 'चोरट्यांनी एटीएम फोडले'. चोर एकच होता असं खाली बातमीत कळतं.

एक जुना मुद्रितशोधक

टिंबांचा हिशेब आमच्या पिढीनं वेगळा चुकता केलाय. आम्ही 'पांच', 'नांव', 'नाहीं' लिहून मार्क मिळवले. मग न उच्चारली जाणारी टिंबं 1962 ला गेली. 'नांव' आणि होडीची 'नाव' एकसारख्या झाल्या, त्यानं कुणी बुडालं नाही. आता वाहिन्या बोलल्यासारखं लिहितात, म्हणून 'झालं', 'केलं', 'त्यांचं' अशी टिंबं मागल्या दारानं परत आली. हरकत नाही, बोलीसाठी तशी मुभा आहेच. पण 'त्यांचं' या एका शब्दावर दोन टिंबं, पहिलं मानाचं, दुसरं उच्चाराचं. लिहिणारा एकच देतो. 'त्यांच घर'. त्यातल्या त्यात मानाचं ठेवतो, हे बरं.

लंडनहून

इकडची गंमत सांगते. 2014 मध्ये चिनी नववर्षाच्या बातमीत बीबीसीच्या थेट उपशीर्षकांत 'घोड्याचं वर्ष' याऐवजी 'वेश्यांचं वर्ष' उमटलं होतं. इंग्रजीत हॉर्स आणि होर्स, एवढाच फरक. राणीच्या मातोश्रींसाठी 'क्षणभर शांतता'ऐवजी 'क्षणभर हिंसा' झाल्याचाही किस्सा प्रसिद्ध आहे. तिथं थेट कार्यक्रमांना टाइप करणारे हात पुरत नाहीत, म्हणून एक माणूस ऐकलेलं वाक्य संगणकासाठी पुन्हा बोलतो आणि यंत्र ते लिहितं. त्यामुळे तिथल्या चुका कानाच्या असतात. तुमच्या मात्र डोळ्याच्या दिसतात. 'पिक' आणि 'पीक' आपण तसेही एकसारखेच बोलतो, त्यामुळे कान तिथं काहीच पकडू शकत नाही.

एक शंका. मराठीतलं शुद्ध 'पीक' हिंदीवाल्याला दाखवलं तर? तिकडे पीक म्हणजे पानाची थुंकी. आपल्याकडे 'पिकदाणी' त्याच घरातून आली. म्हणजे ऱ्हस्व लिहिलं तर कोकिळेचा विमा, दीर्घ लिहिलं तर पिचकारीचा!

मूळ प्रश्नकर्ता

ताई, पिचकारीचा विमा आपल्या रेल्वे स्टेशनांच्या भिंतींनी कधीच उतरवायला हवा होता.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर 'खुलासा'. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. साहेब नोटीस देतात, कारकून खुलासा करतो. पट्टीवर मात्र 'धक्कादायक खुलासा', म्हणजे हिंदीसारखा गौप्यस्फोट. लेखन अचूक आणि अर्थ परका. हे मला 'पिक'पेक्षा जास्त लागतं, पण त्याचा वेगळा धागा काढू.

डेस्कवरचा एक

ताजी खबर. इथली चर्चा वाचून परवा आमच्या डेस्कवर चिठ्ठी चिकटवली, मॉनिटरच्या कडेला, ठळक अक्षरांत : 'पीक, पूर, ऊस, दूध – दीर्घ!' दोन दिवसांत 'पिक विमा' बंद. सगळे खूश.

आज सकाळची पट्टी : 'अवकाळीने पीकांचे नुकसान, ऊसाला फटका'. लिहिणाऱ्यानं चिठ्ठीकडे बोट दाखवलं.